तोक्यो ते हागी : योशिदा शोइनच्या मागावर सात दिवस

योशिदा शोइन जन्मला १८३० मध्ये, हागीला. मारला गेला १८५९ मध्ये, तोक्योला, तेव्हाच्या एदोला. आयुष्य उणंपुरं २९ वर्षांचं, आणि त्यातली शेवटची पाच वर्षं जवळजवळ सगळी तुरुंगात किंवा नजरकैदेत. पाश्चात्त्यांची विद्या शिकल्याशिवाय जपान टिकणार नाही, हे त्याचं म्हणणं. ती शिकायला त्याने थेट अमेरिकी आरमाराच्या जहाजावर चढायचा प्रयत्न केला आणि तो फसला. मग घरामागच्या शेडवजा खोलीत त्याने पोरं शिकवली. त्यांतून जपानचे दोन पंतप्रधान निघाले.

भारतातून जाणारा माणूस बहुधा तोक्योलाच उतरतो, त्यामुळे हा प्रवास उलटा होतो: आधी वधस्थान, मग जहाज, शेवटी शाळा. सुलटा करायचा हट्ट धरू नये. भाडं आणि दिवस दोन्ही वाढतात.

एक सूचना निघण्याआधीच. जपानी पाट्यांवरच्या जुन्या तारखा चांद्र पंचांगाच्या असतात. शोइनचा मृत्यू 'दहाव्या महिन्याची २७ तारीख' असा लिहिलेला दिसतो. आपल्या कॅलेंडरने तो दिवस २१ नोव्हेंबर १८५९. दोन्ही तारखांची गल्लत इंग्रजी माहितीपत्रकांतही होते.

दिवस पहिला : तोक्यो

हिबिया लाईनवर कोदेन्माचो स्टेशन. बाहेर पडून दोन मिनिटांवर जिश्शी पार्क आहे. ऑफिसातली माणसं डबा खायला येऊन बसतात तेवढीच बाग, पण इथे एदोचा मोठा तुरुंग होता. बागेत शोइनचा शिलालेख आहे, त्यावर त्याची शेवटची कविता: देह मुसाशीच्या (एदोच्या मुलुखातल्या) माळावर कुजला तरी यामातोचा (जपानचा) आत्मा मागे ठेवीन, अशा अर्थाची. समोरचं दाइआन्राकुजी देऊळ नंतर, इथे मेलेल्यांसाठी, बांधलं गेलं. अर्धा तास पुरतो.

ही कविता ज्या 'र्यूकोन्रोकु' या मृत्युपत्राच्या आरंभी आहे, त्याची हकिकत मात्र पाटीवर मावणारी नाही. शोइनने ते शेवटच्या दोन दिवसांत लिहिलं, आणि जप्त होणार हे ओळखून दोन प्रती केल्या. एक बाहेर गेली ती हरवली. दुसरी त्याने नुमाझाकी किचिगोरो या बरोबरच्या कैद्याकडे दिली. या कैद्याला पुढे मियाकेजिमा बेटावर काळ्या पाण्याला धाडलं, तिथेही त्याने ती जपली, आणि १८७६ मध्ये शोइनचा शिष्य नोमुरा यासुशी याला आणून दिली. तोवर नोमुरा नव्या सरकारात मोठा अधिकारी झाला होता. आज आपण वाचतो ती ही दुसरी प्रत.

त्याच हिबिया लाईनने मिनामी-सेन्जूला जावं. स्टेशनालगतच एकोइन देऊळ. शिरच्छेद झालेल्यांना कोझुकाप्पाराच्या या माळावर पुरत, आणि शोइनची पहिली कबर इथेच आहे. दारातच एक फलक लक्ष देऊन बघावा: १७७१ मध्ये सुगिता गेन्पाकु आणि त्याच्या सोबत्यांनी याच माळावर प्रेताची चिरफाड पाहिली, हातातल्या डच शरीरशास्त्राच्या पुस्तकाशी ताडून पाहिली, आणि ते पुस्तक जपानीत आणलं. पाश्चात्त्य विद्येचा जपानमधला एक उगम आणि त्या विद्येसाठी धडपडणाऱ्याची कबर एकाच आवारात. मुद्दाम जुळवून आणलेलं यात काही नाही. प्रेतं इथे मिळत, एवढंच कारण.

दुपारी सेतागाया. मिनामी-सेन्जूहून हिबिया लाईनने गिन्झा, तिथून गिन्झा लाईनने ओमोतेसान्दो. ओमोतेसान्दोला जिना चढू नका. त्याच फलाटाच्या दुसऱ्या बाजूला हान्झोमोन लाईन लागते आणि ती थेट सान्गेन्जायाला जाते. शिबुयाला बदलायला गेलात तर गर्दीत पंधरा मिनिटं सहज जातात. सान्गेन्जायाहून सेतागाया लाईनची दोन डब्यांची ट्राम. अंतर कितीही असलं तरी भाडं एकच, चढतानाच भरायचं. जेआर पास (जपान रेल्वेचा) इथे चालत नाही, सुइका हे प्रीपेड कार्ड चालतं. स्टेशनाचं नावच शोइन-जिन्जा-माए.

१८६३ मध्ये ताकासुगी शिन्साकु, इतो हिरोबुमी वगैरे शिष्यांनी गुरूचे अवशेष एकोइनमधून काढून इथे, चोशू या हागीच्या संस्थानाच्या जमिनीवर, आणून पुरले. देऊळ १८८२ चं. आवारात शोइनच्या शाळेची प्रतिकृती आहे. ती बघून हागीला जायची गरज नाही, असं कुणी सांगितलं तर ऐकू नये. तीन वेळा पंतप्रधान झालेला कात्सुरा तारो शेजारीच पुरलेला आहे, स्वतःच्या इच्छेने.

आता खरी गंमत. त्याच ट्रामने तीन स्टेशनं पुढे मियानोसाका, तिथे गोतोकुजी देऊळ. पर्यटकांची झुंबड हात वर केलेल्या पांढऱ्या मांजरांच्या ढिगापाशी. त्यांना वळसा घालून मागच्या कबरस्तानात गेलं की ई नाओसुके याची कबर लागते. शोइनचा बळी घेणारी धरपकड याच प्रधानाच्या काळातली. शोइननंतर जेमतेम चार महिन्यांनी, मार्च १८६० मध्ये, त्याला एदो किल्ल्याच्या साकुरादा दरवाजासमोर मारेकऱ्यांनी कापलं. परदेशांशी करार याच ई नाओसुकेने केले, देश उघडला तो त्याने. आणि जहाजावर चढू पाहणारा शोइन त्या करारांना विरोध करून मेला. हे कोडं या सहलीत पुढे सगळीकडे भेटतं.

दिवस दुसरा : निरायामामार्गे शिमोदा

तोक्योहून शिमोदाला थेट ओदोरिको एक्स्प्रेस आहे, साधारण पावणेतीन तास. जेआर पास इतोपर्यंतच चालतो. इतो ते शिमोदा इझुक्यू या खासगी कंपनीचा रूळ. ते भाडं वेगळं भरावं लागतं, आणि उतरताना पैसे काढायला लागले की लोक चकित होतात. तीन दिवसांचा जेआर तोक्यो वाइड पास मात्र शिमोदापर्यंत चालतो.

एक दिवस हाती असेल तर लांबचा रस्ता घ्यावा: शिन्कान्सेनने मिशिमा, तिथून सुन्झू लाईनने इझु-नागाओका, आणि पायी अर्ध्या तासावर निरायामाची परावर्तन भट्टी. तोफा ओतण्यासाठी १८५७ मध्ये पुरी झालेली. उंची १५.७ मीटर. काम असं: कोळसा एका कप्प्यात, बीड (ओतीव लोखंड) दुसऱ्यात, दोघांचा स्पर्श नाही. ज्वाळा कमानदार छताखालून चिमणीकडे ओढली जाते, छतावरून उष्णता खाली परतते आणि बीड वितळतं. कोळशातली घाण धातूत उतरत नाही. ओढ पुरेशी हवी म्हणून चिमणी इतकी उंच. आज दिसणारी विटांवरची लोखंडी जाळी मूळची नव्हे, ती नंतरची, आधारासाठी. मूळ चिमण्यांना वरून चुन्याचा गिलावा होता.

ही भट्टी इथे का? काम आधी शिमोदालाच सुरू झालं होतं. १८५४ मध्ये कमोडोर पेरीच्या अमेरिकी आरमारातले खलाशी त्या जागेत शिरले आणि गुपित फुटण्याच्या भीतीने सगळं आत डोंगराकडे हलवलं. उभारणारा एगावा हिदेतात्सु काम पुरं होण्याआधी, १८५५ मध्ये वारला. मुलाने तडीस नेलं.

पुढे शुझेन्जीपर्यंत त्याच गाडीने, तिथून आमागी डोंगर ओलांडणारी बस कावाझूला, आणि रेल्वेने शिमोदा. बस दिवसाला मोजक्याच. वेळ आधी पाहिली नाही तर शुझेन्जीच्या स्टॅंडवर दोन तास काढावे लागतात. मोठी बॅग तोक्योच्या हॉटेलातूनच ताक्युबिन कुरियरने शिमोदाला पाठवून द्यावी, बहुधा दुसऱ्या दिवशी पोचते.

दिवस तिसरा : शिमोदा

सकाळी एक स्टेशन मागे, रेन्दाइजीला. शोइनला त्या दिवसांत खरूज झाली होती. ती बरी व्हावी म्हणून तो इथल्या गरम झऱ्यांवर आला आणि मुरायामा ग्योमारो नावाच्या वैद्याने त्याला आसरा दिला. गवताने शाकारलेलं ते घर उभं आहे. ज्या वरच्या खोलीत तो लपून राहायचा ती आणि खालचं न्हाणीघर दाखवतात. बुटके दरवाजे, डोकं सांभाळा. सुट्टीचा वार आदल्या दिवशी हॉटेलात विचारून घ्यावा.

मग काकिझाकी. स्टेशनावरून बसने दहाएक मिनिटं, किंवा समुद्राच्या कडेने चालत अर्धा तास; चालतच जावं, कारण बंदराचा आकार पायांनीच कळतो. बेन्तेन-जिमा हे आता जमिनीला जोडलेलं टेकाड. त्यावर लहानसं देऊळ, आणि खडकात कपारी. शोइन आणि त्याचा सोबती कानेको शिगेनोसुके इथे लपून रात्र व्हायची वाट बघत होते.

२५ एप्रिल १८५४ च्या पहाटे काय काय बिघडलं ते शोइनने स्वतः लिहून ठेवलंय, आणि ते वाचून या किनाऱ्यावर उभं राहिलं की भव्यदिव्य असं काही उरत नाही. कोळ्याची एक होडी पळवली, तर वल्हं अडकवायच्या खुंट्याच नाहीत. दोघांनी लंगोट सोडून त्यांनी वल्ही होडीला बांधली. लंगोट तुटले. मग कमरेचे पट्टे सोडून बांधले. वल्हवायची सवय कुणालाच नाही, होडी जागच्या जागी गोल फिरत राहिली, हात भरून आले. कसेबसे 'मिसिसिपी' या अमेरिकी जहाजाला लागले. तिथल्यांनी कंदील दाखवून म्हटलं, मुख्य जहाज ते पलीकडचं, 'पौहाटन'. तिथे पोचेपर्यंत लाटा वाढलेल्या. होडी जहाजाच्या शिडीखाली सापडून आपटायला लागली, वरचे खलाशी काठीने ढकलू लागले. दोघांनी शिडीवर उडी मारली. होडी मोकळी सुटून वाहून गेली, आणि तिच्यात तलवारी आणि सामान.

दुभाषा सॅम्युएल वेल्स विल्यम्स याला जपानी येत होतं. दोघांनी सांगितलं, अमेरिकेला न्या, शिकायचंय. पेरीने नकार दिला. जपानशी करार ३१ मार्चला झाला होता; त्याची शाई वाळते न वाळते तोच त्या देशाचे फरारी जहाजावर ठेवणं त्याला परवडणारं नव्हतं. देश सोडून जाणाऱ्याला तेव्हा मृत्युदंड होता हे त्याला माहीत होतं. रात्रीच त्यांना आपल्या नावेतून किनाऱ्यावर सोडलं. सामानाची होडी सापडली तर सुगावा लागणारच, म्हणून दोघं आपणहून काकिझाकीच्या पाटलासमोर हजर झाले. होडीतल्या गाठोड्यात गुरू साकुमा शोझानने लिहून दिलेली निरोपाची कविता निघाली, आणि शोझानही आत गेला.

याच गावात ग्योकुसेन्जी देऊळ. दोन वर्षांनी, १८५६ मध्ये, टाउनसेंड हॅरिसने अमेरिकेची जपानमधली पहिली वाणिज्य वकिलात इथे थाटली. आवारात अमेरिकी आणि रशियन खलाशांची थडगी आहेत. बेन्तेन-जिमाहून चालत काही मिनिटं. ज्या झेंड्याखाली जायला शोइनला मज्जाव झाला, तो झेंडा आपणहून किनाऱ्यावर येऊन लागला तोवर शोइन हागीत नजरकैदेत होता.

संध्याकाळी जुन्या कालव्याकाठच्या पेरी रोडने र्योसेन्जी देवळापर्यंत फिरून यावं. बंदरात काळ्या जहाजाच्या आकाराची पर्यटक-बोट फिरते. वेळ नसेल तर सोडावी.

दिवस चौथा : रेल्वे

हा दिवस गाडीतच जातो. शिमोदा–आतामी दीड तासाच्या आसपास, मग शिन्कान्सेनने शिन-ओसाका आणि शिन-यामागुची, मग हागीची बस सव्वा तासाच्या आसपास. सकाळी आठच्या आत निघावं. सगळ्यांत जलद शिन्कान्सेन, नोझोमी, आतामीला थांबत नाही. कोदामा या सावकाश गाडीने नागोयापर्यंत जाऊन पुढची जलद गाडी घेतली तर वेळ वाचतो. लांबी, रुंदी, उंची मिळून १६० सेंटिमीटरहून मोठी बॅग असेल तर तिच्यासाठी आरक्षित जागा आधी घ्यावी लागते.

सात दिवसांचा देशभराचा जेआर पास ऑक्टोबर २०२३ पासून ५०,००० येन झाला. एकेरी भाडं वीस हजारांच्या आसपास पडतं. येताना यामागुची-उबेहून विमान धरणार असाल तर पास तोट्याचा.

शाकाहाऱ्यांनी शिदोरी इथेच बांधून घ्यावी. भात, भाजी, सूप सगळं डोळ्यांना शाकाहारी दिसतं, पण रसात वाळवलेल्या बोनिटो माशाचा दाशी असतो. हागीत शाकाहारी हॉटेलं शोधत फिरण्यापेक्षा फळं, पाव, दही आणि बरोबरची चटणी-ठेपले बरे.

शिन-यामागुची येतं तेव्हा मराठी माणसाने एक नाव आठवावं: नारुसे जिन्झो. याच चोशू मुलुखात जन्मलेला. त्याने १९०१ मध्ये तोक्योत महिला विद्यापीठ काढलं. त्याची माहितीपुस्तिका महर्षी कर्व्यांच्या हाती पडली, आणि १९१६ मध्ये आपल्याकडे महिला विद्यापीठ उभं राहिलं.

दिवस पाचवा : हागी, मात्सुमोतोची बाजू

गावात फिरायला 'मारू' बस. पूर्वेच्या फेरीचं नाव 'शोइन सेन्सेई', पश्चिमेच्या फेरीचं 'शिन्साकु-कुन'. गुरूला मान, शिष्याला लाडाचं नाव. तासाला दोन बस, आणि एकाच दिशेने गोल. एक थांबा मागे जायचं असेल तर पायी जावं, नाहीतर अख्खं गाव फिरून यावं लागतं. सायकल त्याहून बरी, गाव सपाट आहे. हिगाशी-हागी स्टेशनाजवळ भाड्याने मिळते.

शोइन देवळाच्या आवारात शिरलं की उजवीकडे शोका सोन्जुकु, म्हणजे शोइनची शाळा. २०१५ मध्ये ही इमारत जागतिक वारशात गेली. आत जाता येत नाही, पण दारं-खिडक्या उघड्या असतात, बाहेरून सगळं दिसतं. आधीची खोली ८ तातामींची (जमिनीवर अंथरायच्या चटया), म्हणजे सुमारे १३ चौरस मीटर: मुंबईतल्या वनबीएचकेच्या हॉलएवढी. पोरं वाढली तेव्हा १८५८ मध्ये गुरुशिष्यांनी स्वतःच्या हातांनी साडेदहा तातामींची भर घातली. दोन्ही भागांचा सांधा नीट बघितला तर कळतो. शिनागावा याजिरो वर चढून भिंत लिंपत होता आणि चिखलाचा गोळा शिडीवरच्या शोइनच्या तोंडावर पडला, अशी गोष्ट सांगतात.

ही शाळा मूळची काका तामाकी बुन्नोशिन याने १८४२ मध्ये काढलेली. शोइन जेमतेम दोन-अडीच वर्षं शिकवायला होता, शिष्य सुमारे ९०. संस्थानाची शाळा मेइरिन्कान फक्त सामुराईंच्या मुलांना. इथे पायदळाच्या शिपायाचा पोरगाही चाले. इतो आणि यामागाता, पुढचे ते दोन पंतप्रधान, दोघेही अशाच खालच्या थरातले. वेळापत्रक नव्हतं. तांदूळ कांडायचं पायाचं उखळ आवारात ठेवलंय. कांडताकांडता वाचन चाले. देशोदेशीच्या आणि संस्थानांतल्या बातम्या एका वहीत उतरवून ठेवत आणि त्यावर वाद घालत. एका अर्थाने ती बातम्यांची वही हाच अभ्यासक्रम.

पलीकडे शोइनचं जन्माचं सुगी घराणं राहायचं ते घर. त्यात साडेतीन तातामींची खोली आहे, नजरकैदेची. तुरुंगातून सुटल्यावर शोइन इथे राहिला आणि 'मेन्शियस' या चिनी ग्रंथावरची व्याख्यानं घरच्यांसमोर सुरू केली; शेजारची पोरं येऊन बसायला लागली, ती शाळा. शिसेइकान हे संग्रहालय तिकिटाचं आहे, हस्ताक्षरं तिथे आहेत. अक्षर बारीक आणि घाईचं.

इथल्या पाट्या शोइनला कारखानदारीचा जनक केल्यासारख्या बोलतात, कारण वारशाच्या यादीचं नाव लोखंड, पोलाद, जहाजं आणि कोळसा असं आहे. ते ताणलेलं आहे. त्याने यंत्र बनवलं नाही. त्याचा मुद्दा माणसं परदेशी पाठवून शिकवण्याचा होता, आणि तो १८६३ मध्ये इतोसकट चोशूचे पाच तरुण चोरून लंडनला गेले तेव्हा खरा झाला. दुसरी बाजू पाट्यांवर नाही. तुरुंगात लिहिलेल्या 'यूशूरोकु'त तो सज्ज झालेल्या जपानने कामचात्का, कोरिया, मांचुरिया, तैवान, लुझोन घ्यावं असंही लिहितो. त्याचा शिष्य इतो कोरियाचा रेसिडेंट-जनरल झाला, आणि १९०९ मध्ये हार्बिनला एका कोरियन क्रांतिकारकाने त्याला गोळ्या घातल्या. कोरियन प्रवाशांबरोबर या आवारात फिरलात तर संभाषण वेगळं होतं.

दुपारी इतोचं गवती छपराचं घर, मग तामाकीचं घर, आणि चढ चढून दान्गो-इवा टेकडी. शोइनचा जन्म इथला. घराच्या पायाचे दगड, त्याच्या केसांवर बांधलेली कबर, ताकासुगी आणि कुसाका गेन्झुई यांच्या कबरी. खाली दोन नद्यांच्या मधलं हागीचं त्रिकोणी बेट पूर्ण दिसतं. १८७६ मध्ये शोइनचाच शिष्य माएबारा इस्सेइ याने नव्या सरकारविरुद्ध हागीत बंड केलं. घराण्यातली पोरं त्यात सामील झाली म्हणून तामाकीने पोट फाडून घेतलं. बंड मोडणाऱ्या सरकारातही शोइनचेच शिष्य होते.

दिवस सहावा : हागी, भट्टी आणि गाव

सकाळी सायकलने हागीची भट्टी. १८५६ ची, उंची १०.५ मीटर, निरायामाहून बुटकी, आणि ती का हे समजून घेण्यासारखं आहे. सागा संस्थानाने आपली भट्टीची विद्या शिकवायला नकार दिला. चोशूने सुतार धाडला आणि त्याला फक्त नकाशा काढू दिला. त्यावरून उभारलेली ही चाचणी-भट्टी. पुढे खरी भट्टी बांधायचा बेतच सोडला. पाचएक मिनिटांवर एबिसुगाहाना, जहाजाची गोदी. इथे 'हेइशिन मारू' (१८५६) रशियन पद्धतीने बांधलं; ती पद्धत आली शिमोद्याच्या सुनामीत फुटलेल्या रशियन 'डायना'च्या बदली जहाजावर राबलेल्या जपानी सुतारांकडून. आता फक्त दगडी धक्का आणि उघडं मैदान. माहिती देणारे स्वयंसेवक असतील तर थांबावं, नाहीतर पंधरा मिनिटं.

मग गावात. नोयामा तुरुंगाची जागा सहज चुकते, दगडी खांब आणि छोटं मैदान एवढंच. समोर इवाकुरा तुरुंग. सामुराई म्हणून शोइन नोयामात, खालच्या जातीचा म्हणून कानेको इवाकुरात, आणि तिथेच तो १८५५ च्या सुरुवातीला मेला. नोयामात शोइनने सव्वा वर्षात सुमारे ६०० पुस्तकं वाचली. बरोबरच्या कैद्यांपैकी ज्याला हायकू येई त्याने हायकू शिकवावं, ज्याचं अक्षर चांगलं त्याने अक्षर. शोइनने 'मेन्शियस' शिकवावा. पुढच्या शाळेची पद्धत इथेच पक्की झाली.

शेवटी मेइरिन गाकुशा, १९३५ ची लाकडी शाळा, आता माहितीकेंद्र. गल्ल्यांत भिंतीआडून नात्सुमिकानची झाडं डोकावतात. ही संत्री सामुराईंच्या नोकऱ्या गेल्यावर पोटासाठी लावलेली. मुरंबा घ्यावा, सामानात टिकतो.

दिवस सातवा : बाहेर

ओइतायामाची लोखंडभट्टी पाहायची असेल तर आजच, आणि गाडी करूनच. बसच्या भरवशावर जाऊ नये. 'हेइशिन मारू'ला लागलेलं लोखंड तिथलं. डोंगरात, अवशेष जमिनीलगत, पावसात वाट निसरडी. वेळ नसेल तर तो सोडून जुन्या हागी-ओकान रस्त्यावरच्या नामिदामात्सुला जावं. जून १८५९ मध्ये एदोला नेताना पिंजऱ्याची पालखी इथे थांबली आणि शोइनने गाव शेवटचं बघितलं. झाड नाही, दगड आहे. हागी स्टेशनावरून टॅक्सीला थोडंच भाडं पडतं. थांबवून ठेवावी, परतीची तिथे मिळत नाही. शिन-यामागुचीची बस पकडायची असेल तर स्टॅंडवर सुटण्याच्या दहा मिनिटं आधी उभं राहावं, आणि सुट्टे येन खिशात असावेत.